उष्टी बाटली

शुक्रवारी सकाळी दहावी ‘ब’च्या वर्गात प्रमेयाची सिद्धता रंगात आली होती, तेव्हा शमिका धुरीच्या दप्तरात एक फुटकी बाटली होती आणि डोक्यात नुसता जाळ झाला होता. फळ्यावर सर दोन त्रिकोण एकरूप करत होते. शमिकाला वाटत होतं, उठावं, सरांच्या हातातला खडू घ्यावा आणि फळाभर लिहावं : माझी आई खोटं मोजत नाही!

अर्थात लिहिलं नाही. दप्तर मात्र तिने मांडीवर असं घट्ट धरलं होतं, जणू आत बाटली नाही, साक्षीदार बसलाय आणि जरा हात सैल केला की तो पळून जाईल.

ही बाटली काल आईने घरी आणली होती. सुचेता धुरी, म्हणजे शमिकाची आई, खारवाडीच्या बाटली-धुलाई केंद्रात पाळीप्रमुख होती. रोज संध्याकाळी सातला, हातांना सोड्याचा वास घेऊन दमून येणारी ही बाई काल चार वाजताच दारात उभी. एका हातात घडी केलेला रबरी एप्रन, दुसऱ्या हातात तळ फुटलेली बाटली.

“सुट्टी?” शमिकाने आनंदाने विचारलं.

“तसंच काहीतरी.” आई घटाघटा दोन पेले पाणी प्यायली. “मला बाजूला बसवलंय गो. सोमवारी मुंबईहून कंपनीचे शास्त्रज्ञ येणारेत. त्यांच्यासमोर एका कागदावर सही करायची आहे.”

कागद आईने पिशवीतून काढून दिला. वर छापलं होतं, ‘अपघात-कारण अहवाल’. खाली तीन चौकोन. पहिला : कॉस्टिक सोड्याचं प्रमाण चुकलं. दुसरा : पाण्याचं तापमान चुकलं. तिसरा : कामगाराने सूचना पाळल्या नाहीत. त्याच्याखाली बारीक अक्षरांत, ‘कोणत्याही एका चौकोनात खूण करावी.’ पहिल्या चौकोनात पेन्सिलीने आधीच हलकीशी खूण केलेली होती. आईने ती फक्त शाईने गिरवायची होती.

शमिकाने कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी.

“आई, यात तुझी चूक नसेल तर खूण कुठे करायची?”

आईने कागद घडी घालून पिशवीत ठेवला. उठून तिने तांदूळ निवडायला घेतले.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी, २०३५ साली, एकदा पिऊन फेकून द्यायच्या बाटल्यांवर बंदी आली. ते बरंच झालं, कारण खारवाडीच्या किनाऱ्यावर तेव्हा शिंपल्यांपेक्षा बाटल्या जास्त सापडायच्या. पण मग सरबत, सोडा, दूध भरायचं कशात? काच जड, फुटकी. साध्या प्लॅस्टिकची बाटली पुन्हा भरायची तर ती आधी कडकडीत कॉस्टिकच्या पाण्यात धुवावी लागते, आणि तिथेच ती मार खाते. प्लॅस्टिक म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता. अबोलीच्या वळेसरात एकेक फूल दोऱ्यात गुंफलेलं असतं ना, तशी त्या साखळीत एकेक कडी. गरम कॉस्टिक त्या कड्यांमधले दोरे कुरतडत जातं. पंधरा-वीस धुण्यांत बाटली पांढुरकी होते, ओरखडे पडतात, मग ओरखड्यांच्या भेगा होतात, आणि आत फसफसणारा सोडा असेल तर एक दिवस, फाट्!

यावर डॉक्टर वरुण सबनीस नावाच्या शास्त्रज्ञाने तोड काढली. त्याने साखळ्यांमध्ये अशा कड्या बसवल्या, ज्या सत्तर अंशांच्या वर तापल्या की सुटतात आणि गार होताना पुन्हा एकमेकींचे हात धरतात. म्हणजे बाटलीला ओरखडा पडला, ती गरम पाण्यात गेली, की ओरखड्याचे दोन्ही काठ मऊ होऊन एकमेकांना भेटतात आणि जखम मिटते. दर धुण्यात बाटली झिजायच्या ऐवजी ताजी होऊन बाहेर येते! शंभर धुण्यांची हमी, म्हणून तिचं नाव ‘शंभरी’. गावोगावी कंपनीची धुलाई केंद्रं निघाली. खारवाडीच्या केंद्रात एकोणीस बाया कामाला लागल्या, आणि इथला कोकम-सोडा शंभरीत बसून पार नागपूरपर्यंत जाऊ लागला.

तीन वर्षं सगळं झकास. आणि मग गेल्या दोन आठवड्यांत अकरा बाटल्या फुटल्या. शेवटची तर भरण्याच्या हॉलमध्ये फुटली, झाकण उडालं आणि तिथे काम करणाऱ्या लताताईच्या भुवईवर बसलं. तीन टाके. बोटभर खाली बसतं तर डोळा गेला असता.

कुणाची तरी चूक हवी होती. आणि सापडायला सोपी कोण? आई!

कारण असं, की टाकीतल्या कॉस्टिकचं प्रमाण मोजणारा मीटर खाऱ्या हवेने गंजून बंद पडला होता. आईने तीन वेळा कळवलं. नवा मीटर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत धुलाई थांबली नाही, कारण आई दर तासाला हाताने मोजत होती. काचेच्या चंबूत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला की ते राणी गुलाबी होतं, मग वरून एकेक थेंब आम्ल सोडत जायचं. ज्या थेंबाला गुलाबी रंग चटकन जातो, तो थेंब कितवा, त्यावरून कॉस्टिक किती ते कळतं. शाळेत हा प्रयोग शमिकाला नववीत शिकवला, पण तिला तो त्याच्या कितीतरी आधीपासून येत होता. तो आईने शिकवला होता, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. बारावीत नापास झालेल्या आईने!

आईच्या वहीत नऊ दिवसांचा तासातासाचा आकडा होता. अळवणी साहेब, केंद्राचे व्यवस्थापक, ती वही बोटाच्या टोकाने सरकवून म्हणाले होते, “सुचेताबाई, मीटरचा आकडा म्हणजे आकडा. हाताने मोजलेलं म्हणजे अंदाज.”

म्हणून शमिकाच्या डोक्यात जाळ होता. आणि म्हणूनच भूमितीचा तास संपता संपता ती प्रयोगशाळेच्या दारात हजर.

“सर, सूक्ष्मदर्शक हवाय. आत्ता. फार महत्त्वाचं आहे.”

विज्ञानाचे खोत सर डबा खात होते. “घावणे संपेपर्यंत थांबेल का विज्ञान?”

“नाही थांबणार, सर.”

सरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने किल्ली पुढे केली.

तिने बाटलीच्या तळाचा, भेग होती तिथला तुकडा करवतीच्या पात्याने कापला. अर्धा तास खपली. अंगठ्याला फोड आला. तुकडा भिंगाखाली ठेवला आणि चाक फिरवलं. आधी सगळं धुकं, मग हळूहळू धुकं विरलं.

प्लॅस्टिकमध्ये कण होते. वर चिकटलेले नव्हे. आत! तिने सुई फिरवून पाहिली, पृष्ठभाग गुळगुळीत. खाली मात्र, साबुदाण्याच्या पापडीत तीळ अडकावेत तसे, बारीक टोकदार कण रुतून बसलेले. आणि प्रत्येक कणाच्या कडेने केसाएवढी भेग निघालेली.

काही कण पांढरट. काही काळे, चमकदार.

काळे चमकदार! तिने धावत जाऊन लोहचुंबक आणलं. तुकड्याच्या कडेला एक काळा कण अर्धा उघडा पडला होता, तो सुईने उकरून काढला आणि चुंबक जवळ नेलं. कण टुण्‌कन उडी मारून चिकटला.

खारवाडीतल्या प्रत्येक पोराने लहानपणी हा खेळ खेळलेला असतो. चुंबकाला दोरी बांधायची, पुळणीवरून ओढत न्यायचं, आणि चुंबकाला काळी दाढी उगवली की ओरडायचं. ही त्यांच्याच किनाऱ्याची वाळू होती.

“सर, वाळू! कॉस्टिक नाहीच! आईची चूक नाहीच!” ती ओरडली.

“बाटलीच्या आत वाळू गेली कशी पण?” खोत सरांनी हात पुसत विचारलं.

आणि शमिकाने हातातलं चुंबक हळूच खाली ठेवलं. कारण उत्तर तिला माहीत होतं. तिच्या उजव्या हाताला माहीत होतं.

तिच्या घरी, मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी एक करवंटी असते. त्यात पुळणीवरची बारीक वाळू. दर बुधवारी रिकाम्या बाटल्या न्यायला गाडी येते, त्याआधी घरातल्या बाटल्या धुवायचं काम शमिकाचं. बाटलीत मूठभर वाळू, अर्धी बाटली पाणी, बूच लावायचं आणि खांदा दुखेपर्यंत खळखळवायचं. बारीक तोंडाच्या बाटलीत हात जात नाही, मग दुसरं करणार काय? सगळी वाडी असंच करते. कारण शंभरीला लोक तोंड लावून पितात. तोंड लावलं की बाटली उष्टी. आणि दुसऱ्याचं भांडं उष्टं परत द्यायचं नाही. शेजारून आमटीची वाटी आली तर ती घासूनच जाते, हे सांगावं लागतं का कुणाला?

आणि ही सवय तिला लावली कोणी? आईने! जी आई दुसऱ्या दिवशी त्याच बाटल्या पंचाहत्तर अंशांच्या कॉस्टिकमध्ये धुणार असते, तीच आदल्या दिवशी म्हणायची, “शमे, वाळू नीट फिरव गो. उष्टी बाटली गाडीत नको जायला.”

वाळूने आतून ओरखडे पडत होते. ओरखड्यात कण अडकत होते. मग गरम धुण्यात बाटली आपली जखम इमानेइतबारे मिटवत होती, पण कण आत ठेवूनच. खडा न काढता गुडघ्यावरची जखम भरून यावी, तशी. दर धुण्यात प्लॅस्टिक जास्त फुगणार आणि वाळू कमी, त्या ओढाताणीत भेग पुढे पुढे. तीन वर्षं प्रत्येक बाटली आतल्या आत फाटत होती आणि बाहेरून मात्र आरशासारखी चकचकीत दिसत होती.

शाळा सुटल्यावर शमिका थेट शेवंतीकाकीच्या मागच्या दारी गेली. शेवंतीकाकी तांडेल ही वाडीतली सगळ्यांत थोरली बाई. तिच्या शब्दाबाहेर होडीसुद्धा पाण्यात जात नाही असं पोरं गमतीने म्हणायची. काकी दगडावर बसून बाटलीच खळखळवत होती. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ.

“काकी, थांब! वाळू घालू नकोस त्यात!”

काकीचा हात थांबला. “काय गो चेडवा, तोंड कित्याक असां केलंस? वाळू नको तर काय साखर घालू?”

“काही नको. तशीच दे. तिकडे मशीन धुतं ना.”

“मशीन धुता तां मशीनचा. माझां मी धुतंय.” काकीने पुन्हा खळखळवायला घेतलं. “उष्टी बाटली दिवक मी काय भिकारीण आसंय? ती लता, ती सुचेता, तुझी आवस, त्यांच्या हातात माझां उष्टां जायत? माका शिकवतंस?”

मग शमिकाने सगळं सांगितलं. पापडीतले तीळ, जखमेतला खडा, लताताईची भुवई, कागदावरचे तीन चौकोन. ऐकता ऐकता काकीने बाटली खाली ठेवली. तळाशी वाळू हळूहळू बसत गेली.

“म्हणजे आमच्यापायी सुचेतावर आळ इलो?”

शमिकाने मान हलवली.

“मगे सांग त्या सायबाक. सांग, शेवंतीन केल्यान म्हणून. मी काय भितंय कोणाक?”

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! संध्याकाळी आईने सगळं ऐकून घेतलं. भिंगातून काढलेले फोटो पाहिले. एका फोटोवर तिचं बोट बराच वेळ टेकलेलं राहिलं. मग ती म्हणाली, “हे कुणाला सांगायचं नाही.”

“काय? आई, तू सुटतेस यात!”

“मी सुटते, वाडी अडकते. कंपनीच्या करारात लिहिलंय, ज्या गावात लोक बाटलीचा गैरवापर करतील तिथलं केंद्र बंद. एकोणीस जणी घरी बसतील. लता टाके घेऊन घरी बसेल. त्यापेक्षा मी पहिल्या चौकोनात सही करते. एक मी गेले तर केंद्र तरी राहील.”

“म्हणजे तू खोटं लिहिणार? तू? दहावा थेंब नऊ लिहिला म्हणून मला प्रयोग पहिल्यापासून करायला लावणारी तू?”

“शमे…”

“तुझ्या नावापुढे कायमचं लिहिलं जाईल, हिने लताताईचा डोळा घालवला असता! आणि मी गप्प बसू? मी नाही बसणार!”

“मग काय करणार आहेस? शेवंतीकाकीचं नाव सांगणार?” आईचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. “तुझं सांगशील? आपल्या बाटल्या तू धुतेस. आणि धुवायला मी शिकवलंय.”

शमिकाला रडू फुटलं. रागाचं रडू फार वाईट. बोलताही येत नाही आणि थांबताही येत नाही. शनिवार असाच गेला. रविवारी सकाळी ती पुळणीवर जाऊन बसली आणि ओल्या वाळूवर बोटाने तीन चौकोन काढले. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. सोडा. पाणी. कामगार. बाटलीसाठी चौकोनच नव्हता! तीन वर्षांपूर्वी ज्या माणसाने हा कागद छापला, त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की बाटली चुकू शकत नाही. चुकलं तर माणूसच चुकेल.

ती ताडकन उठली.

सोमवारी शाळेला दांडी. केंद्राच्या ऑफिसात अळवणी साहेब इस्त्रीच्या शर्टात, आणि शेजारी मुंबईहून आलेले डॉक्टर सबनीस. शमिकाला वाटलं होतं, पांढऱ्या केसांचा कुणी गंभीर माणूस असेल. हा तर पस्तिशीचा, चप्पल घातलेला, समोरचा कोकम-सोडा तोंड लावून आवडीने पिणारा माणूस निघाला. बाटली संपवून त्याने ती तशीच कोपऱ्यातल्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवली. दारात उभ्या असलेल्या शेवंतीकाकीने नाक मुरडलं. हो, काकी आली होती, मागे आणखी चारजणी घेऊन, आणि पदराआड करवंटी.

“ही शाळकरी मुलगी इथे कशाला?” अळवणींनी विचारलं.

“माझी मुलगी आहे. तिला बसू दे,” आई म्हणाली. पेन तिच्या हातात होतं.

“सर,” शमिका अळवणींना ओलांडून थेट सबनीसांशी बोलली, कारण दम धरला असता तर बोलता आलं नसतं, “सही व्हायच्या आधी हे बघा.” आणि तिने तुकडा आणि फोटो टेबलावर ठेवले. आईने तिच्याकडे पाहिलं. अडवलं मात्र नाही.

सबनीसांनी खिशातून भिंग काढलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग ते खुर्चीतून उठलेच. “कण आत आहेत! मिटलेल्या थराच्या आत! ही भेग कॉस्टिकची नाहीच, कॉस्टिकची बाहेरून आत जाते. पण इतकी वाळू आली कुठून?”

“हयसून,” शेवंतीकाकी म्हणाली आणि करवंटी टेबलावर आपटली. चिमूटभर वाळू अळवणींच्या फायलीवर सांडली. “दर बुधवारी घालतंय. मूठभर. वाडीतली सगळी घालतत. उष्टी बाटली परत दिवची नाय म्हणून.”

अळवणींनी फायलीवरची वाळू झटकली. मग अळवणींचा चेहरा उजळला.

“अच्छा! म्हणजे ग्राहकांकडून गैरवापर! सुचेताबाई, सुटलात तुम्ही. डॉक्टर, करारात कलम आहेच. आपण या वाडीचं…”

“गैरवापर?” शमिकाचा आवाज इतका चिरका निघाला की तिलाच कळलं नाही तो आपला आहे. “बाटलीत रॉकेल भरलं तर गैरवापर. सळई खुपसली तर गैरवापर. धुतली तर गैरवापर? सर, तुमच्या चाचणीबद्दल कंपनीच्या वेबसाइटवर लिहिलंय ते मी वाचलंय. तुम्ही शंभर धुण्यांच्या आधी बाटलीला चिखल फासलात. दूध नासवून ठेवलंत. बुरशी वाढवलीत. खरंय ना?”

“खरंय,” सबनीस म्हणाले.

“म्हणजे माणसं घाणेरडी असतील, याची तुम्ही पूर्ण तयारी केलीत. माणसं स्वच्छ असतील, याची नाही केलीत! एकाही चाचणीत बाटली आधी कुणी घरी धुतली होती का?”

“नाही,” सबनीस हळू आवाजात म्हणाले. “ते… सुचलंच नाही.”

“सुचणार कसं? तुमच्या घरी तुम्ही भांडी घासता का?”

“शमे!” आई.

“नाही, बरोबर विचारतेय ती,” सबनीस म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “नाही घासत.”

अळवणी खाकरले. “भावना ठीक आहेत हो, पण अहवालात काहीतरी लिहावं लागेल ना? तीनपैकी एक चौकोन…”

तेव्हा आई पुढे झाली. तिने कागद स्वतःकडे ओढला, फूटपट्टी मागून घेतली. हो, फूटपट्टी! थेंब मोजणारी बाई हाताने वेडावाकडा चौकोन कसा काढेल? तिसऱ्या चौकोनाखाली तिने नीट, सरळ रेघांचा चौथा चौकोन काढला. त्यात खूण केली आणि पुढे आपल्या गोल अक्षरांत लिहिलं : ‘लोक बाटली घरी धुऊन देतात, हे बाटली बनवताना धरलेलं नाही.’ खाली सही केली. सुचेता रघुनाथ धुरी, पाळीप्रमुख.

“याला कंपनी मान्यता देणार नाही,” अळवणी म्हणाले.

“मग न मान्य केल्याची सही तुम्ही करा,” आई म्हणाली. “मी माझी केलीय. आणि साहेब, माझी वहीसुद्धा जोडा सोबत. नऊ दिवसांची. अंदाज नाहीय तो.”

सबनीसांनी वही उघडली. पानं उलटली. मग खिशातून पेन काढून आईच्या सहीशेजारी स्वतःची सही केली. अळवणींनी खिडकीबाहेर बघायला घेतलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

इथे टाळ्या वाजवायची घाई करू नका. कंपनीने चौथा चौकोन काही आनंदाने गिळला नाही. केंद्र दोन महिने बंद राहिलं, एकोणीस जणी घरी बसल्या, त्यातल्या दोघी कायमच्या काजू कारखान्यात गेल्या. वाडीत काहीजणी शमिकाशी बोलेनाशा झाल्या. गप्प बसली असती तर एकटी सुचेताच गेली असती, असं पाणवठ्यावर तिच्या तोंडावर म्हणाल्या. आईच्या नावावरचा ठपका पुसला गेला, पण ‘आम्ही चुकलो’ असं एका ओळीचं पत्रही तिला आलं नाही. आजतागायत नाही. शमिकाने विचारायला तीन ईमेल लिहिल्या. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ते वाचून तिने अर्धा तास दगडावर नारळ सोलले. रागात नारळ फार सुरेख सोलले जातात.

बाटल्यांवर ‘घरी धुऊ नये’ असं छापा, म्हणजे काम झालं, असं कंपनीतल्या कुणीतरी सुचवलं होतं. सबनीस म्हणाले, छापून बघा, खारवाडीत कुणी ऐकतं का. आणि ते स्वतः इथेच येऊन राहिले, केंद्रामागच्या खोलीत. त्यांनी बाटलीला आतून एक पातळ, कठीण कातडी दिली, म्हणजे ओरखडा खोल जाऊ नये. आणि धुण्याचा क्रम बदलला. आधी गार पाण्याचा जोरदार फवारा, आणि कण निघून गेल्यावरच ऊन पाणी. जखम मिटायच्या आधी खडा बाहेर. इतकं साधं!

पण चाचणी कोण घेणार? प्रयोगशाळेत खळखळवायचं यंत्र होतं, ते शेवंतीकाकीने पाहिलं आणि हसून हसून तिला ठसका लागला. “ह्यां धुता? ह्यां तर बाटलीक पाळण्यात घालून झुलवता!” मग चाचणी ओसरीवर सुरू झाली. सातजणी, सात बाटल्या, मूठ मूठ पुळणीवरची वाळू, आणि शेवटी तासातासाला थेंब मोजणारी आई. शमिका शाळेतून आली की आकडे लिहायची आणि प्रत्येक भेगेचा फोटो काढायची. सबनीसांनी बनवलेली पहिली तऱ्हा चाळिसाव्या धुण्याला फुटली. दुसरी तऱ्हा सत्तराव्याला. तिसऱ्या तऱ्हेच्या सातही बाटल्या पाच महिन्यांनी शंभराव्या धुण्यातून निघाल्या. कापून भिंगाखाली धरल्या, तर आत एक कण नाही.

त्या दुपारी सगळ्यांनी त्याच तऱ्हेच्या आठव्या, न कापलेल्या बाटलीत कोकम-सोडा भरून प्यायचं ठरवलं. पहिला मान सबनीसांना. त्यांनी तोंड लावून निम्मी संपवली, ढेकर दिला, आणि सवयीने बाटली क्रेटकडे नेली.

शेवंतीकाकी नुसती बघत राहिली. ओसरीवरच्या सगळ्याच बघत राहिल्या.

सबनीसांचा हात हवेतच थांबला. त्यांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा या सगळ्यांकडे. मग उरलेला सोडा एका दमात पिऊन ते मागच्या दारी गेले. करवंटीतून वाळू घेतली, बाटलीत घातली, नळाखाली धरली आणि खळखळवू लागले. कसंतरीच. सगळी वाळू तळाशी बसून राहिली होती.

आईने थोडा वेळ पाहिलं. मग तिला राहवलं नाही.

“पाणी जास्त झालंय, सबनीस. अर्धंच घ्या,” ती म्हणाली. “आणि खांद्यातून हलवा. पुन्हा पहिल्यापासून.”